दार ओढून घे

माल्टात वृद्धांच्या देखभालीचं काम करायला लागून मला सहा वर्षं झाली. माझ्याकडे नव्वदीतली एक नान्ना आहे. इथे आजीला नान्ना म्हणतात. अंघोळ घालताना ती मला जाहानच्या गोष्टी सांगते. जाहान म्हणजे इथला भोळसट पोरगा. आई चर्चला निघते आणि बजावते, "येताना दार ओढून घे." हा बिजागऱ्यांसकट दार उखडतो आणि फरफटत चर्चपर्यंत ओढत नेतो. "इज्बेद इल-बीब वरायक," नान्ना म्हणते आणि हसता हसता तिला ठसका लागतो. मला गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. आमच्या साताऱ्याकडच्या घरात 'दार ओढून घे' हे वाक्य रोज कानावर पडायचं.

तिकडे शाळेच्या ग्रुपवर अजून वाद चाललाय. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद मलाही झाला. पण तेव्हापासून चर्चा एकच: मराठी नक्की किती जुनी? नाणेघाटाचा शिलालेख, गाथासप्तशती, कोण म्हणतं दोन हजार वर्षं, कोण म्हणतं अडीच हजार. मला हा वाद इथे बसून वेगळा दिसतो, कारण माल्टाने तो आपल्या आधी घातलाय.

१७५० मध्ये आजियुस दे सोल्दानिस या गोझो बेटावरच्या पाद्र्याने इथली माल्टी भाषा म्हणजे प्यूनिक, प्राचीन फिनिशियन लोकांची भाषा, असं ठासून सांगणारं पुस्तक काढलं. आज अभ्यासक माल्टीला अरबीच्या घरातली मानतात. पुढे मान्वेल माग्री या जेझुइट पाद्र्याने गावोगावच्या लोकांकडून गोष्टी ऐकल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माल्टीतच छापल्या. शिकलेले लोक इटालियन श्रेष्ठ की इंग्रजी यावर भांडत होते आणि माल्टी स्वयंपाकघरातली बोली समजली जायची, तेव्हाची ही गोष्ट. माग्रींनाही त्या कथांत फिनिशियन देवदेवता दिसायच्या. ते निष्कर्ष मागे पडले. गोष्टी मात्र राहिल्या, सांगणाऱ्यांच्या भाषेत राहिल्या. त्याच सुमारास, १९०६ मध्ये, बेर्टा इल्ग या जर्मन बाईंनीही माल्टी कथांचे दोन खंड काढले, पण जर्मनमध्ये. तिथे कथा सापडते, सांगणारीचा शब्द सापडत नाही.

माग्री १९०७ मध्ये ट्युनिशियात वारले. हाल साफ्लिएनीच्या भुयारी दफनभूमीचं उत्खनन त्यांनी केलं होतं, त्याच्या नोंदी आजतागायत मिळालेल्या नाहीत. मला हे वाचून फार वाईट वाटलं. एका माणसाबरोबर किती जातं!

माग्रींनंतर जोसेफ कास्सार पुलिचिनो यांनी आयुष्यभर म्हणी, उखाणे, मुलांची गाणी जमवली. धुणं धुताना बायका उंच पट्टीत 'आना' हे लोकगीत गायच्या, ते गाणं एके काळी हलकं समजलं जायचं. २०२१ मध्ये युनेस्कोने आनाला वारशाच्या यादीत घेतलं. सगळा देश मिळून साडेपाच लाखांच्या आसपास लोकांचा.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचं डोंगराएवढं काम केलं. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात तर जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमल्या. मग ग्रुपवर त्यातली एक तरी ओवी का येत नाही? दर्जाबरोबर येणाऱ्या पैशातला पहिला वाटा वय ठरवणाऱ्या परिसंवादांना नको, ऐंशीच्या पुढच्या बायकांसमोर रेकॉर्डर धरून बसणाऱ्या मुलामुलींना द्यावा, असं मला मनापासून वाटतं. शिलालेख थांबेल. त्या बायका थांबणार नाहीत.

माझी आजी २०११ मध्ये गेली. ती पहाटे दळताना गायची आणि मी गोधडी कानावर ओढून घ्यायचे. तिची एकही ओवी मला पूर्ण येत नाही.

आता दर रविवारी आईला फोन लावते. ती ओव्या आठवून आठवून सांगते, मध्येच अडते, "थांब, पुढं काय हुतं..." म्हणते, आणि मी वहीत तिचं 'हुतं' तसंच लिहिते. आतापर्यंत सतरा झाल्यात. त्यातल्या चारांची दुसरी ओळ तिला आठवेना. परवा गावच्या चुलतीला फोन करून ती विचारणार आहे.