‘.३१५ ची पावडर दिली नाही’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे आजोबांची .३१५ रायफल आहे, झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. परदेशात लोक घरीच काडतुसं भरतात हे बघून तुम्ही आमच्याकडे ‘४८९५’ नावाची पावडर आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) मागितले. आम्ही नाही म्हटलं. मग बारा बोरची, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीची, काडतुसं फोडून त्यातली दारू चालेल का असं विचारलंत, तर काउंटरवरचा मुलगा ‘तसलं काही करू नका’ एवढंच बोलून आत गेला. सबब आम्ही अडाणी, आणि नवीन काडतुसं खपवायला बसलेले.

अडाणी म्हणालात ते राहू दे. पण हे पान खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे बरेच परवानाधारक वाचतात. त्यांतल्या कुणी बारा बोरचा तो प्रयोग खरंच करून बघायचा, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

कायद्याचं आधी उरकून घेतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही येतात आणि काडतूस बनवायची यंत्रंही. परवान्याशिवाय ते बनवणं हा कलम ५ चा भंग, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. रायफल बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस भरायचा परवाना नव्हे. आमचा परवाना विक्रीचा. ‘थोडीशी द्या की, कोण बघतंय’ हे तुमचं वाक्य त्या दिवशी मीही आतून ऐकलं. साठ्याची वही बघायला येणारे बघतात, साहेब.

आता पावडरीचं. इथे तुमचा समज मुळातच चुकतोय, आणि तो बऱ्याच जणांचा चुकतो. तुम्ही विचारलंत, ‘जोरदार कुठली?’ रायफलच्या पावडरीत जोर बघत नाहीत, ती जळते किती वेगानं ते बघतात. गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाड टाकलं की भडका उडतो आणि लाकूड सावकाश धरतं, तसा फरक पावडरी-पावडरीत असतो. बारा बोरची नळी जवळपास पाऊण इंच रुंद. छर्रे पुढे सरकले की मागे गॅसला जागाच जागा होते, म्हणून तिथे झटकन जळणारी दारू घालतात. .३१५ ची नळी त्याच्या निम्म्याहूनही अरुंद, आणि त्यात आट्यांमधून, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांतून, घासत जाणारी जड गोळी. तिथे तीच झटपट दारू घातली तर गोळी जागची हलायच्या आत दाब शिगेला पोचतो. आकड्यांत सांगायचं तर अमेरिकन मानकात बारा बोरच्या पावणेतीन इंची काडतुसाला कमाल ११,५०० पीएसआय (चौरस इंचाला इतके पौंड) दाब धरलाय, आणि .३१५ च्याच पिढीतल्या .३०३ ला ४९,०००. एका जातीची दारू दुसरीच्या पुंगळीत कशी ओतायची ते तुम्हीच सांगा.

त्यात आणखी एक खोड आहे. बारा बोरची दारू मापानं थोडी. रायफलच्या पुंगळीत ती तळाशी बसते आणि वर निम्म्याहून जास्त जागा रिकामी राहते. चुकून दोनदा पडली तरी वरून कळत नाही. म्हणून जुन्या फौजी काडतुसांसाठी जाणते लोक पुंगळी बरीचशी भरून टाकणारी, मध्यम गतीची पावडर निवडतात. दुसऱ्यांदा ओतली तर ती काठावरून सांडते आणि चूक तिथेच पकडली जाते. चांगली पावडर कुठली असं मला कुणी विचारलं तर वेगाच्या खालोखाल मी हेच बघायला सांगेन. बंदुकीतून तासाला किती मैलांनी गोळी जाईल, ही चौकशी त्याच्या कितीतरी नंतरची.

तुमच्या ४८९५ बद्दल. निवड वाईट नाही, हे मान्य. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेच्या .३०-०६ काडतुसासाठी ती वापरत होते, आणि युद्ध संपल्यावर शिल्लक साठा हॉजडन नावाच्या माणसानं विकत घेऊन घरी काडतुसं भरणाऱ्यांना विकला. तिथून ती जुन्या रायफलवाल्यांची लाडकी झाली. पण आज त्या आकड्याच्या दोन पावडरी मिळतात, आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५. दोन्ही वेगळ्या. एकीचं माप दुसरीला लावायचं नसतं. तुम्हाला कुठली हवी असं त्या मुलानं विचारलं तेव्हा तुम्ही ‘कुठलीही द्या’ म्हणालात. तो आत गेला तो त्यानंतर. माझ्या लेखी त्यानं बरोबर केलं. आमच्या दुकानात दोन्ही येत नाहीत, ही गोष्ट वेगळीच.

शिवाय तुम्ही दाखवलेलं माप .३०३ चं होतं. .३०३ ब्रिटिशांचं, आणि आपल्याकडे तो बोअर, म्हणजे नळीचं ते माप, सामान्य माणसाला बंद आहे. तुमची .३१५ म्हणजे मुळात ऑस्ट्रियाच्या फौजेचं मॅनलिकर काडतूस, आठ मिलिमीटरचं. इंग्रजांच्या काळात फौजी बोअर बाहेर मिळेनात, तेव्हा शिकारी रायफलींसाठी हे काडतूस इथे रुळलं, आणि पुढे इशापूरच्या कारखान्यानं त्याच बोअरमध्ये रायफल काढली. दोन्ही काडतुसं १८८८ ची, दोन्ही सुरुवातीला काळ्या दारूची आणि दोन-तीन वर्षांत बिनधुराच्या दारूवर गेलेली, म्हणून भावंडं वाटतात. पण पुंगळीत मावणारी जागा वेगळी, गोळीची जाडी वेगळी. शेजाऱ्याचं औषध आपल्या पेशंटला द्यायचं नसतं, एवढं तर आपण सगळेच जाणतो. म्हणून इथे मी पावडरीच्या वजनाचा, ग्रेनचा, एकही आकडा लिहिणार नाही, कृपया खाली विचारू नये.

‘सुरुवातीला काळी दारू होती, मग काळीच भरतो’ असंही एकानं तुमच्या अभिप्रायाखाली लिहिलंय. जांबोटी-कणकुंबीकडे ठासणीच्या बंदुका अजून आहेत, तिथून हा विचार आला असावा. काळ्या दारूचं ते काडतूस कारखान्यात दाबून भरलेलं असायचं. आणि बार झाल्यावर नळीत जो मळ राहतो तो आपल्याकडच्या पावसाळी हवेत रातोरात गंज धरतो. रायफलच्या आट्या एकदा गेल्या की गेल्या.

तुम्ही आणलेल्या पुंगळ्या मी स्वतः बॅटरी मारून बघितल्या होत्या, ते तुम्ही लिहायला विसरलात. आत तळाशी दोन बारीक भोकं होती. म्हणजे प्रायमर ज्यावर चेपून पेटतो ती ऐरण पुंगळीतच घडवलेली. तिला नेहमीच्या भरण्याच्या साच्यात घातलं तर मधली सुई मोडते आणि जुना प्रायमर निघत नाही. दुसरं म्हणजे, तीनचार पुंगळ्यांना बुडापासून बोटभर वर एक चकचकीत कडं दिसत होतं. इशापूरची रायफल ली-एनफिल्डच्या घडणीची, तिचा बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून धरणारा दांडा, मागच्या बाजूला अडकतो. बार होताना पुंगळी किंचित ताणते आणि त्या जागी आतून पातळ होते. वाकवलेली तार आत घालून ओढली की तिथे खाच लागते. मी तुम्हाला ती लावून दाखवली, तुमच्या बोटालाही लागली. तशी पुंगळी पुन्हा भरून झाडली तर बूड एकीकडे आणि बाकीची पुंगळी नळीत, आणि गरम गॅस झाडणाऱ्याच्या तोंडाकडे. हे दाखवल्यावरही ‘काही माहिती दिली नाही’ असं लिहिलंत, त्याचं मात्र वाईट वाटलं.

भावाबद्दल: .३१५ ची काडतुसं खडकीच्या कारखान्यातून येतात. मूळ भाव आम्ही ठरवत नाही. वाहतूक, कर आणि आमचा थोडा नफा त्यावर चढतो. कोल्हापूरला स्वस्त मिळाली तर अवश्य तिथून घ्या, परवान्यावर नोंद तेवढी नीट करून घ्या.

परवान्याबद्दल तुमच्याशी जे बोलणं झालं ते मी इथे उघड करणार नाही, तो तुमच्या घरचा विषय. पण इतरांच्या उपयोगाचं म्हणून सांगतो. आजोबांची रायफल आहे म्हणून ती आपोआप नातवाची होत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी तरतूद आहे: मूळ परवानाधारक गेल्यावर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर वा त्यानं पंचवीस वर्षं शस्त्र बाळगल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हा, वारसाला रीतसर अर्ज करता येतो. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातले कागद कन्नडमध्ये असतात म्हणून कुणी खोळंबून राहू नये, आम्ही भरायला मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

आणि तुमच्या घरी ट्रंकेत पडलेली ती जुनी भरलेली काडतुसं. कितीतरी पावसाळे ओलीच्या भिंतीशी काढलेला माल आहे तो. झाडू नका, फोडूही नका. आमच्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करता येतात.

रायफल तपासून हवी असेल तर घेऊन या. चेंबर आणि बोल्टची फट मोजून देतो, नळीच्या आट्या उजेडात दाखवतो. येताना रायफल रिकामी आणि कव्हरमध्ये असावी, सोबत मूळ परवाना हवा, झेरॉक्स चालणार नाही. रविवारी दुकान बंद असतं.

दुकानमालक, बेळगाव