मामांची निळी पट्टी

"पट्टी निळी व्हयनी रे भाऊ!" सकाळी सव्वासहाला चोपड्याहून मामांचा फोन. पट्टी म्हणजे लघवीचा सामू बघायचा कागद. सामू म्हणजे पीएच: सातच्या खाली आम्लधर्मी (ॲसिडिक), सातच्या वर अल्कधर्मी (अल्कलाइन), आणि अल्कधर्मी असलं की पट्टी निळी. पंधरा दिवसांपासून मामा उपाशीपोटी लिंबूपाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पितात, कारण आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तुमच्याकडेही आलाच असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चहा, डाळ, मटणाने रक्त ॲसिडिक होतं. कॅन्सर ॲसिडिक शरीरातच वाढतो, आणि हे शोधणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. लिंबाचा सामू ९.९, म्हणून ते घ्या. सोडा प्या, अल्कलाइन पाण्याचं मशीन बसवा. पट्टी निळी झाली की समजा शरीर शुद्ध. मी अमळनेरला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. मामांना फोनवर पटवता आलं नाही, ते इथे लिहितो.

आधी रक्त. त्याचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात असतो, म्हणजे ते मुळातच किंचित अल्कधर्मी. तो ६.८च्या खाली किंवा ७.८च्या वर गेला तर माणूस सहसा वाचत नाही. वाटीभर शेवभाजीने रक्त आम्लधर्मी होत असतं तर खान्देशात लग्नाची एकही पंगत सुखरूप उठली नसती.

हे होत नाही ते का, हे मामांना त्यांच्याच वावरातून कळेल. काळी, चुनखडीची जमीन. माती परीक्षणाच्या कागदावर सामू आठच्या आसपास. केळीच्या ठिबकच्या नळ्या क्षारांनी तुंबल्या की मामा त्यातून ॲसिड सोडतात. नळ्या मोकळ्या होतात, पण पुढच्या वर्षी माती तपासली तर सामू जिथल्या तिथे. ॲसिड चुनखडीवर पडलं, फसफसलं, कार्बन डायऑक्साइड उडून गेला, विषय संपला. रक्तात हेच काम बायकार्बोनेट करतं, खायच्या सोड्यातही असतं तेच. फरक असा की जमिनीतली खर्च झालेली चुनखडी कोणी परत आणून टाकत नाही. शरीरात मात्र मूत्रपिंडं खर्चलेलं बायकार्बोनेट रोज भरून काढतात आणि फुप्फुसं श्वासागणिक कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. जेवणातून उरलेलं जास्तीचं आम्ल लघवीवाटे जातं.

म्हणून तर लघवीचा सामू साडेचारपासून आठपर्यंत कुठेही फिरतो. रक्ताचा फिरू नये यासाठीच तो फिरतो! पट्टी निळी झाली याचा अर्थ मामांनी प्यायलेला जास्तीचा सोडा मूत्रपिंडांनी बाहेर फेकला. पट्टीवर सोडा दिसतोय, मामांची तब्येत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला बाजारातून आणलेल्या सशांची लघवी आम्लधर्मी आढळली. ससे उपाशी होते, स्वतःचंच मांस जाळत होते. गवत खाल्ल्यावर ती अल्कधर्मी झाली. खाण्याने लघवी बदलते हे तेव्हापासून माहीत आहे. त्यावरून रक्ताचा निकाल लावणं म्हणजे दारातला केर बघून घर घाण ठरवणं.

आता लिंबू. ९.९ वगैरे आकडे २०२० मध्ये कोरोनाच्या मेसेजमध्ये होते, तेच पुन्हा निघालेत. त्या यादीत ॲव्होकॅडो १५.६ होतं; आमच्या प्रयोगशाळेतली पट्टी चौदालाच संपते. लिंबाचा सामू दोन-अडीच असतो. खात्री हवी तर उन्हाळ्यात पापड करताना बघा. हळदीच्या बोटांना पापडखाराचं पाणी लागलं की ती विटकरी लाल होतात. त्यावर लिंबाची फोड घासा, पुन्हा पिवळी. मात्र इथे मेसेजवाल्याच्या हाती सत्याचं एक टोक लागलंय, हेही सांगायला हवं. लिंबातलं सायट्रेट शरीरात जळून त्याचं बायकार्बोनेट होतं आणि लघवी कमी आम्लधर्मी होते. काही प्रकारच्या मुतखड्यांत डॉक्टर लिंबूपाणी सांगतात ते याचसाठी. केळीतले पोटॅशियमचे क्षारही असंच करतात. पण होतं ते लघवीत, रक्त तिथेच राहतं.

नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ म्हणजे ओटो वॉरबर्ग. १९३१चं पारितोषिक त्याला श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी मिळालं, कॅन्सरच्या औषधासाठी नाही. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर आंबवून ऊर्जा काढतात हे त्याने दाखवलं ते खरं. त्यामुळे गाठीच्या आसपास आम्ल साचतं. मेसेजने कार्यकारणच उलटं केलंय. प्रयोगशाळांत याच पेशी ७.४ सामूच्या, म्हणजे अल्कधर्मीच द्रवात मजेत वाढवतात. २०१६ मध्ये फेंटन आणि हुआंग या संशोधकांनी या विषयावरचे २५२ शोधनिबंधांचे सारांश चाळले. निकषांत बसणारा एकच अभ्यास निघाला, आणि त्यातही संबंध दिसला नाही. अमेरिकेतला या मताचा मोठा प्रचारक रॉबर्ट यंग २०१७ मध्ये तुरुंगात गेला, परवान्याशिवाय डॉक्टरकी केली म्हणून.

सोड्याचं मात्र मला खरंच भय वाटतं. मामांना बीपीची गोळी चालू आहे. सपाट चमचाभर सोड्यात बाराशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची मर्यादा २००० सांगते. भाकरीबरोबरचा ठेचा आणि लोणचं अजून मोजलंच नाही. लिंबू पिळल्यावर फेस येतो तेव्हा उडतो तो कार्बन डायऑक्साइड, सोडियम ग्लासातच राहतं. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना डॉक्टर सोड्याच्याच गोळ्या देतात, हे खरं. पण रक्त तपासून, मोजून. रक्त खरोखर आम्लधर्मी होतं ते मधुमेह फार बिघडला, मूत्रपिंडं निकामी झाली, हगवण थांबेना अशा वेळी. माणूस खोल, भराभर श्वास घ्यायला लागतो. तेव्हा गाडी काढून दवाखाना गाठायचा असतो.

राहिलं मशीन. गेल्या रविवारी मी चोपड्यालाच होतो, तेव्हा विक्रेता ओसरीवर डेमो द्यायला आला. मशीनच्या ग्लासभर पाण्यात त्याने सामू दाखवणाऱ्या रंगाचे दोन थेंब टाकले, पाणी जांभळं, म्हणजे अल्कधर्मी. मामा खूश. मी मामींकडून लिंबाची फोड मागितली आणि ग्लासात पिळली. पाणी पिवळं झालं. म्हटलं, जठरात सामू दीड ते साडेतीन असतो, तुमचं पाणी तिथे किती वेळ जांभळं राहील?

"पण सर," तो म्हणाला, "लिंबू तर अल्कलाइन असतं ना?"