कार्टून-सर नाचले की अपूर्णांक येतात?

पाचवीच्या पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'हलतंबोलतं कार्टून शिकवायला असलं की मूल दुप्पट शिकतं. संशोधनाने सिद्ध. नजर पडद्यावरून हटत नाही. शिकवणी बंद करा!' आमच्या लालबागच्या चाळीत तीन घरांनी लगेच अशा कार्टूनवाल्या ॲपची वर्षाची फी भरली.

'संशोधनाने सिद्ध' म्हणजे काय, ते बघू. या विषयात हमखास निघणारा प्रयोग 1997चा, अमेरिकेतला. हर्मन नावाचा ॲनिमेटेड किडा 100 शाळकरी मुलांना झाडांची रचना शिकवत होता. मुलांना तो आवडला, गुणही वाढले. पण हर्मन सगळ्याच गटांत होता, कुठे बोलका, कुठे मुका. हर्मन नसलेला गटच नव्हता! मग गुण किड्यामुळे वाढले की धड्यामुळे? 2001मध्ये मोरेनो, मेयर या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. पात्राचं चित्र काढून नुसता आवाज ठेवला, तर शिकण्यात फारसा फरक पडला नाही. आवाज काढून तेच शब्द पडद्यावर वाचायला दिले, तेव्हा मात्र पडला. 2013मध्ये अशा 43 अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. पात्राचा फायदा निघाला, पण लहानसा. 'दुप्पट' कुठून आलं, ते फॉरवर्ड करणाऱ्यालाच ठाऊक.

आवाज महत्त्वाचा, तर तो कसा आहे तेही ऐका. आमच्या ॲपमधलं अस्वल 'चाक' म्हणताना 'चार'मधला च काढतं. मुलगी अपूर्णांक सोडून त्याची नक्कल करत बसते.

नजर हटत नाही, हे खरं. पण असते कुणावर? अस्वलाने छेदाकडे बोट दाखवलं तर उपयोग आहे; ते उगाच टाळ्या वाजवतं तेव्हा नजर टाळ्यांवर. (मायक्रोसॉफ्ट ऑफिस 97मध्ये मदतीला येणारी, डोळे मिचकावणारी पेपरक्लिप आठवते? 2007च्या आवृत्तीत ती काढूनच टाकली.)

राहिली शिकवणी. चुकलं की अस्वल 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणतं. 1/2 अधिक 1/3 बरोबर 2/5 का लिहिलंस, हे आमच्या शिकवणीच्या बाई विचारतात.

परवा मी फोनच्या कोपऱ्यावर, अस्वल उभं राहतं तिथे, कागद चिकटवला. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, कबूल. गणितं नेहमीइतकीच बरोबर आली. फक्त दोनदा विचारलं तिने, "आई, ते टाळ्या वाजवतंय का गं आत्ता?"