अटकेवरून अटक नाही, काका

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या माळ्यावरच्या काकांनी एक मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला माहेरच्या आणि भिशीच्या ग्रुपवरही मिळाला. मजकूर थोडक्यात असा: १७५८ साली मराठ्यांनी अटकेच्या किल्ल्यात शत्रूला पकडून कोंडलं, तेव्हापासून पकडण्याला 'अटक' म्हणतात. म्हणून हा शब्द फक्त मराठीत आहे. 'जेरबंद' हा 'जेलबंद'चा अपभ्रंश. आणि पोलिसांनी नुसतं 'ताब्यात घेतलं' तर ती अटक नव्हे, तिथे कायदा लागत नाही. अटक झाली की मात्र गुन्हा सिद्ध झाला समजा. खाली दोन झेंडे आणि 'प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा'.

मी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाजवळ वकिलांचे मराठी अर्ज टाइप करते. 'अटक' हा शब्द दिवसातून पन्नासदा माझ्या बोटांखालून जातो. त्यामुळे गप्प बसवलं नाही.

आधी किल्ला. मराठी फौजा १७५८ मध्ये अटकेपर्यंत गेल्या, हे खरंच. पण ते नाव त्यांनी ठेवलेलं नाही. सिंधूकाठचा तो किल्ला अकबराने १५८१ ते १५८३ या काळात बांधवला, आणि तेव्हाच त्याला 'अटक बनारस' म्हणत. नावामागची जी गोष्ट सांगतात ती तर मेसेजच्या नेमकी उलट आहे: सिंधू ओलांडायला धर्माची आडकाठी, म्हणून ती जागा 'अटक'. दंतकथा म्हणून सोडून द्या हवं तर. पण ती रचणाऱ्याला अटक म्हणजे अडवणूक हे आधीच ठाऊक होतं ना? मराठ्यांचे घोडे तिथे पोचायच्या पावणेदोनशे वर्षं आधी.

आणि किल्ल्यांवरून क्रियापदं निघायचीच असतील तर आम्हा नागपूरकरांचाही हिशेब करा. 'अटक ते कटक'मधलं कटक आमच्या खात्यावरचं. १७५१ च्या तहाने ओरिसा नागपूरकर भोसल्यांकडे आला, तो १८०३ मध्ये इंग्रजांनी घेईपर्यंत. मग 'कटकट' कटकवरून निघाली म्हणायची का? (कटक म्हणजे साधा सैन्याचा तळ. त्या बिचाऱ्याचा कुणाला त्रास नाही.)

खरा शब्द शोधायला सिंधूपर्यंत जायची गरजच नाही. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलं की उभं राहून ऐका. ऑटोवाला उतरून चाकाकडे बघतो आणि म्हणतो, "अटकली नं भौ." पुण्याकडचा माणूस म्हणेल, अडकली. आमच्याकडे गाडी अटकते, फाइल अटकते, लग्नाची बोलणी अटकतात, पोह्याचा दाणा घशात अटकतो. यातल्या एकालाही पोलिसांनी धरलेलं नसतं. अटकणे म्हणजे थांबणं, पुढे जाता न येणं. अटकाव त्यातलाच. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही 'अटक'ला अडथळा, अडवणूक हा अर्थ दिलेला आहे. माणसाला अडवून ठेवणं हा त्याच अर्थाचा पुढचा टप्पा. किल्ला आणि पोलिस ठाणं फार तर चुलत भाऊ. एकाच्या पोटी दुसरा जन्मलेला नाही.

'फक्त मराठीत' हे तर शेजारच्या घरात डोकावलं तरी कोसळतं. हिंदीत अटकना रोजचं आहे, पोलिसांच्या कामाला मात्र ते फारसीतलं गिरफ्तार वापरतात. गुजरातीत अटकवुं म्हणजे थांबणं, आणि अटकायत म्हणजे पोलिसांनी रोखून ठेवणं. तिथली गंमत वेगळीच आहे. आपण धरपकड म्हणतो ती रात्रीतून वीसपंचवीस जणांना उचललं की. गुजराती पेपरात एकट्या माणसाची रीतसर अटक झाली, तरी तिला 'धरपकड' म्हणतात. इतवारीत गुजराती व्यापाऱ्यांकडे ते पेपर येतात, वाचून बघा.

आता जेरबंद, माझा लाडका. जेल हा शब्द इंग्रजी, जेर हा फारसी, अर्थ 'खाली'. जेरबंद हा घोड्याच्या साजातला पट्टा. तंगापासून, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्यापासून, निघून पुढच्या पायांमधून वर येतो आणि लगामाच्या बाजूला बांधला जातो, म्हणजे घोड्याला मान उधळता येत नाही. तोंड खाली राहतं, चाल मात्र सुरू असते. 'जेरीस आणणे'मधली जेरही तीच. घोडे गेले, पट्टा विस्मरणात गेला, शब्द मागे उरला आणि विदर्भात तो आता बिबट्याच्या अंगावर चढला आहे. पिंजरा लागला, बिबट्या जेरबंद, पुढे गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात रवाना. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिलं तर पिंजऱ्यातला बिबट्या जेरबंद नसतोच, मान हवी तेवढी वर करून गुरगुरतो. पण हे मी बातमीदाराला सांगायला जाणार नाही, रुळलेला शब्द आहे. सांगायचं इतकंच की तुरुंगाशी त्याचं जन्माचं नातं नाही. तुरुंगाचं म्हणाल तर तो शब्द पोर्तुगीज 'ट्रोंको'वरून आला. ट्रोंको म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा.

शब्दांच्या जन्मकथा चुकल्या तर कुणाचं काही जात नाही. मेसेजची शेवटची दोन वाक्यं मात्र घातक आहेत, कारण एखाद्याच्या पोराला रात्री नेलं की घरचे अशीच वाक्यं आठवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वाधीन होत नसेल, तर अधिकाऱ्याने त्याच्या शरीराला हात लावणं किंवा त्याला रोखून धरणं म्हणजे अटक. पुन्हा तेच अडवणं बघा. डायरीत कोणतं क्रियापद लिहिलं याला महत्त्व नाही. माणूस उठून घरी जायला मोकळा आहे का, हे बघायचं. मोकळा नसेल तर राज्यघटनेचं कलम २२ लागू होतं: कारण सांगा, वकील भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. वरच्या संहितेच्याच कलम ३५ ची नोटीस देऊन चौकशीला बोलावलं, तुम्ही गेलात आणि परत आलात, ती अटक नाही. एमपीडीए, म्हणजे गुंड-हातभट्टीवाल्यांना आधीच रोखायचा महाराष्ट्राचा कायदा, त्याखाली स्थानबद्ध करतात तो प्रकार आणखी वेगळा. तिथे २४ तासांचा नियम घटनेनेच बाजूला ठेवला आहे आणि मुदत १२ महिन्यांपर्यंत जाते. तीन शब्द, तीन वेगळे कागद. माझ्याकडे येणारे पक्षकार तिन्हींना 'आत टाकलं' म्हणतात, मग अर्ज चुकतो.

आणि अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध? हे नागपुरात राहून म्हणायचं? १९२३ चा झेंडा सत्याग्रह इथलाच. तिरंगा घेऊन लोक सिव्हिल लाइन्सकडे निघायचे आणि पोलिस वाटेतच अडवून धरायचे. मे ते ऑगस्ट हेच चाललं. जमनालाल बजाजांनाही त्यात अटक झाली. ज्या हद्दीवर त्यांना अटकाव केला तिच्या आत बसून मी रोज अटक झालेल्यांच्या जामिनाचे अर्ज टाइप करते. गुन्हा आधीच सिद्ध झालेला असता तर ते अर्ज कोणी घेतलेच नसते.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. बराच वेळ निळ्या टिका आणि शांतता. मग काकांचा निरोप आला: "फॉरवर्ड होतं, मी लिहिलेलं नाही." पाच मिनिटांनी आणखी एक: "पण मंग धरपकड कोणत्या किल्ल्यावरून?"