टक्कल पडतंय

2009 साली मी निपाणीला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झकास, मुलगी झकास, नकारही झकास. चौथ्या दिवशी फोनवर आला. त्या काळी फेसबुकसारखं ऑर्कुट होतं. तिथं कुणाचं पान चोरून बघितलं, की आपलं नाव त्या माणसाला दिसायचं. हे मला बघून झाल्यावर कळलं. नकाराचं एक कारण तेही असावं. 2014च्या सप्टेंबरअखेर ऑर्कुट बंद पडलं, महिन्याभरानंतर 1 नोव्हेंबरला आमच्या बेळगावचं सरकारदरबारी बेळगावी झालं, आणि जुनं सगळं मिटलं असं मी धरून चाललो.

परवा फेसबुक उघडलं. शेजारी बायको मेथी निवडत होती. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ असं म्हणून त्यानं एक गृहस्थ दाखवले. मुलीचे वडील! मी घाईनं बोट सरकवलं, तर पुढं मुलगीच.

“कोण हो ही?”

“मला काय माहीत की!”

“तुम्हाला माहीत नाही, मग त्याला कसं की माहीत?”

मेथीची काडी मोडल्याचा एवढा मोठा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

त्या रात्री मी फोनच्या सगळ्या खिडक्यांना कड्या घातल्या. लोकेशन बंद, लास्ट सीन बंद, फोटो फक्त ओळखीच्यांना. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलंय आणि त्यासाठी कोर्टात गेलेले पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती, हेही बायकोला ऐकवलं.

“ते निपाणीचे काय?” एवढंच तिनं विचारलं.

खरी गोष्ट शहापुरात एका लग्नात उलगडली. पंगतीत शेजारी तेच गृहस्थ. मला ओळखलं नाही, पण नाव सांगताच त्यांनी मांडा बाजूला सारून फोन काढला. “तुमचा नंबर आहे की माझ्याकडं!” आणि तो मोठ्या अक्षरांत माझ्यापुढं धरला: ‘बेळगाव मुलगा टक्कल पडतंय’.

आता समजलं. फोन त्यांना नातवानं घेऊन दिलेला, भाषा कन्नड. फेसबुकच्या ॲपनं फोनमधले नंबर वाचू का विचारलं, खाली ‘अनुमतिसि’ लिहिलेलं. अनुमती म्हणजे चांगलीच गोष्ट, म्हणून काकांनी दाबलं. झालं! तंबाखूचे व्यापारी, न्हावी, नाकारलेली सगळी स्थळं एका झटक्यात कंपनीच्या वहीत गेली. मी माझ्या घराला कितीही कुलपं लावली तरी माझी किल्ली निपाणीच्या काकांच्या खिशात. त्यांच्यासारखे आणखी कितीजण! माझा नंबर कुठल्या प्लंबरकडं कुठल्या नावानं आहे, याचा विचार करून मला घास गिळेना.

गल्लीतल्या कट्ट्यालाही सगळं ठाऊक असायचं म्हणा. पण कट्ट्यावरचा माणूस बायको शेजारी बसलेली बघून निदान विषय तरी बदलायचा.

“काका, तेवढं नाव काढून टाका की,” मी हात जोडले.

काका भले माणूस. लगेच चष्मा चढवला, माझ्या डोक्याकडं नीट निरखून बघितलं आणि एकेक अक्षर दाबत दुरुस्ती केली.

‘बेळगाव मुलगा टक्कल पडलं’.