हार्वर्डने असं काहीही म्हटलेलं नाही, ताई

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर ताईने ‘सुखी संसाराची सात सूत्रे’ टाकली. वर गुलाबाचं चित्र, त्याखाली ‘हार्वर्ड विद्यापीठाने ७५ वर्षे संशोधन करून सिद्ध केले’ आणि तळाला ‘प्रत्येक लेकीच्या आईने पाठवावे’. ताईने पाठवलं. नुसतं ग्रुपवर नाही, लेकीला वेगळंही पाठवलं, वर लिहून: ‘शांतपणे वाच गं.’ माझ्या या भाचीच्या लग्नाला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते.

ही पोरगी रोज रात्री नऊच्या सुमारास कधी आईला, कधी मला फोन करायची. सासरी मागच्या गॅलरीत रेंज येते, तिथे वाळलेले कपडे काढता काढता बोलायची. चिमटा तोंडात धरलेला असला की अर्धं बोलणं कळायचंच नाही. त्या मेसेजनंतर अकरा दिवस फोन बंद. बाराव्या दिवशी मीच केला, तर म्हणाली, “अगं मावशी, आठवड्यातून एकदाच करायचं ठरलंय.” कुणी ठरवलं? त्यावर गप्प.

म्हणून चौथ्या सूत्रापासूनच सुरुवात करते. ‘माहेरचा फोन ही संसाराला लागलेली वाळवी. पहिले वर्षभर आठवड्यातून एकदाच, तोही पाच मिनिटे.’ लेकीचा संसार फोनवरून चालवणाऱ्या आया असतात, हे मला मान्य आहे. आज भाजी कोणती केलीस इथपासून सासूला काय उत्तर द्यायचं इथपर्यंत सगळं तिकडून ठरतं. अशी दोन घरं मीही पाहिली आहेत. पण त्यावर उपाय म्हणून आईने सल्ले कमी द्यावेत, मुलीचा फोन कशाला बंद करता?

आणि हे हार्वर्डच्या नावावर? तो अभ्यास खरा आहे. १९३८ साली सुरू झाला. हार्वर्डमध्ये शिकणारे २६८ तरुण आणि बोस्टनच्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलं, असे मिळून ७२४ जण. सगळे पुरुष! बायकांना त्यात घ्यायला पुढे कित्येक दशकं गेली. म्हणजे पुरुषांच्या आयुष्यावरून काढलेले निष्कर्ष सुनांना शिस्त लावायला वापरायचे. त्यातही निष्कर्ष काय, तर घरच्यांशी, मित्रमंडळींशी, आजूबाजूच्या लोकांशी ज्यांचे धागे घट्ट, ती माणसं जास्त सुखी, जास्त निरोगी आणि जास्त जगणारी. एकटेपणा मात्र माणसाला पोखरतो. पन्नाशीत जे आपल्या नात्यांमध्ये समाधानी होते तेच ऐंशीत जास्त धडधाकट निघाले, आणि त्याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा नात्यांवरून नीट बांधता आला. नवीन घरात, नवीन गावात गेलेल्या पंचविशीतल्या मुलीचे जुने धागे तोडा, असं यातून कुठल्या गणिताने निघतं? वाळवीच म्हणायची तर ती या सूत्राला म्हणा.

पहिलं सूत्र याहून घातक आहे. ‘लग्न टिकवणारे जास्त जगतात, म्हणून काहीही झाले तरी घर सोडू नका.’ त्या अभ्यासाचे सध्याचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर यांचं २०१५ सालचं भाषण नेटवर कुणालाही ऐकता येतं, तेरा मिनिटांच्या आत संपतं. त्यात ते सरळ सांगतात की जिथे सतत कडाक्याची भांडणं आहेत आणि माया फारशी नाही, असं लग्न तब्येतीला फार वाईट, कदाचित घटस्फोटापेक्षाही वाईट. ज्याच्या नावावर ‘घर सोडू नका’ खपवलं, तो माणूस हे म्हणतोय. आणि ‘काहीही झाले तरी’ या तीन शब्दांत काय काय बसतं, हे लेकीला पाठवण्याआधी आईच्या मनात यायला हवं होतं.

‘सुखी जोडपी भांडत नाहीत’, हे पाचवं. त्याच भाषणात ऐंशी-पंच्याऐंशीची जोडपी आहेत, दिवसरात्र कुरकुरणारी. पण वेळ पडली तर हा किंवा ही आपल्यासाठी उभी राहील, याची ज्यांना खात्री होती त्यांच्या स्मरणशक्तीवर त्या भांडणांचा परिणाम दिसला नाही. माझे आजी-आजोबा आयुष्यभर पंख्याच्या रेग्युलेटरवरून भांडले. त्याला पाच हवा, तिला दोन. शेवटच्या आजारपणात मात्र आजोबा औषध घ्यायचे ते फक्त आजीच्या हातून, आणि तेव्हाही पंखा पाचवरच.

दुसरं सूत्र ताईचं सगळ्यात आवडतं: ‘पूर्वी घटस्फोट नव्हते, कारण बायका ऐकून घेत.’ मग काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द काय मोबाईलबरोबर आले? महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींमध्ये काडीमोडही होता आणि त्यानंतरचा पाट, म्हणजे दुसरं लग्नही. जिथे नव्हता तिथे टाकलेल्या बायका माहेरच्या माजघरात म्हाताऱ्या झाल्या, त्यांची नोंद घटस्फोटात कशी होणार? राहिलं ऐकून घेण्याचं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. १८८७ साली मुंबईच्या कोर्टाने त्यांना सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे त्या डॉक्टर झाल्या. आणि ज्यांना कोर्टाची पायरी चढणं शक्य नव्हतं त्या जात्याशी बोलल्या. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. सासर, माहेर, भाऊ, नवरा, सगळं त्यात आहे. ऐकून घेणाऱ्या बायकांनी पहाटे पहाटे एवढं सांगून ठेवलं, ते कुणी ऐकलं नाही इतकंच.

बाकीची पटकन उरकते. तिसरं, ‘चूक कुणाचीही असो, झोपण्यापूर्वी पत्नीने माफी मागावी’. यावर मी काही बोलत नाही, ताईनेच भावजींना वाचून दाखवावं. सातवं, ‘मूल झाले की सगळे सुरळीत होते’. पहिल्या मुलानंतर नवरा-बायकोचं आपसातलं समाधान घसरतं, असं एक सोडून अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. रात्री तीनला रडणारं बाळ कुणाची भांडणं मिटवत नाही. आधीच धुसफूस असलेल्या घरात ते आणायचं हा त्या बाळावरही अन्याय.

सहावं सूत्र चांगलं आहे, नाइलाजाने का होईना मान्य करते. एकत्र जेवा आणि ताटाशेजारी मोबाईल नको. पण मूळ वाक्य पुन्हा वाचा: ‘पत्नीने मोबाईल बाजूला ठेवावा.’ चांगल्या सूत्रातसुद्धा नवऱ्याचा हात मोकळाच!

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, पण भल्यासाठीच पाठवलं ना मी.” भल्यासाठीच पाठवलंस, ते मला माहीत आहे. मग आता एक मेसेज अजून पाठव, तुझ्या स्वतःच्या शब्दांत, गुलाब न लावता.

तिने पाठवला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. परवा रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. तोंडात चिमटा होता. चौदा मिनिटं बोललो, त्यातली बारा भोपळ्याचे घारगे तळताना फुगत का नाहीत यावर गेली. उरलेल्या दोन मिनिटांतलं इथे लिहीत नाही.