अमेरिकन पासपोर्ट घेऊन कोथरूडात सुखाने कसे नांदावे

बँकेचा तो एसएमएस पुन्हा आला असेल: केवायसी अद्ययावत करा, अन्यथा खाते गोठवले जाईल. अभिनंदन. खिडकीवर जा आणि 'फाटका'चा, म्हणजे अमेरिकेच्या FATCA कायद्याचा, कागद मागा. उच्चार तसाच आहे, आणि खिशावरचा परिणामही. त्यात जन्मदेशाचा रकाना असतो. आपण न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या इस्पितळात जन्मलो आणि दीड वर्षाचे असताना आईबाबांच्या कडेवर परत आलो, एवढ्याशा गोष्टीवर अमेरिका कशाला अडून बसेल, असा गाढ विश्वास ठेवा. माणूस राहतो कुठे हे न बघता नागरिकत्वावर कर लावणारे देश जगात दोनच, अमेरिका आणि एरिट्रिया. म्हणजे तुम्ही फारच निवडक मंडळींत आहात.

आईच्या खात्यावर आपले नाव जरूर लावा. तिचे वय झाले, उद्या अडायला नको, म्हणून 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून घेतले असेलच. त्या क्षणापासून ते तुमचेही 'परदेशी खाते'. वर्षात तुमच्या सगळ्या बिगर-अमेरिकी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली की परदेशी खात्यांची माहिती देणारा फिनसेन फॉर्म ११४, म्हणजे एफबार, भरायचा. डॉलर ८५ रुपयांचा धरा, साडेआठ लाख झाले. बेरजेची रीत तर फारच गोड आहे: प्रत्येक खात्यातली वर्षभरातली सर्वांत मोठी शिल्लक घ्यायची आणि मग त्या सगळ्या मिळवायच्या. आईचे ४ लाख जानेवारीत बचत खात्यात होते. मार्चमध्ये त्यांची एफडी केली. ऑगस्टमध्ये ती मोडून, पाव टक्का जास्त मिळतो म्हणून, सहकारी बँकेत टाकले. पैसे चारच लाख. एफबारच्या हिशेबी बारा. गेलात वर! शिवाय प्रत्येक एफडीचा क्रमांक वेगळा. संयुक्त खात्यात निम्मे माझे, निम्मे आईचे असेही चालत नाही. शिल्लक पूर्ण दाखवायची आणि आईचे नाव, पत्ता लिहायचा. जी बाई कधी विमानात चढली नाही तिचा पत्ता, 'मारुतीच्या देवळामागे'सकट, अमेरिकन ट्रेझरीच्या दफ्तरी. पैसे जूनमध्ये का असेनात, डॉलर करायचे ते ट्रेझरीच्या ३१ डिसेंबरच्या दराने. फॉर्म रिटर्नला जोडून जात नाही, त्याचे पोर्टल वेगळे. मुदत १५ एप्रिल, ती न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. एवढे करून कर किती? शून्य. हा कराचा फॉर्मच नाही! पण नाही भरलात, अगदी अजाणता नाही भरलात, तरी दंड आहे. कायद्यात लिहिलेला १०,००० डॉलरचा आकडा महागाईप्रमाणे वाढत आता सोळा हजारांच्या वर गेलाय. नीट वाचा. दंड महागाईप्रमाणे वाढतो. फॉर्म भरायची मर्यादा वाढत नाही. ती आहे तिथेच बसली आहे, रस्त्यातल्या म्हशीसारखी. आणि हा दंड दर खात्यामागे लावायची तिथल्या कर खात्याची तयारी होती. बिटनर नावाच्या, बरीच वर्षे रोमानियात राहिलेल्या गृहस्थांना २७२ वेळा खाते न कळवल्याचे २७ लाख २० हजार डॉलर लावले होते. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की दंड फॉर्ममागे लावा, खात्यामागे नाही. पाच विरुद्ध चार! एका न्यायमूर्तीच्या मतावर आईच्या सात एफड्या तरल्या.

सोसायटीचे खजिनदार होण्याची संधी सोडू नका. चेकवर सही तुमची असली, भले अध्यक्षांच्या जोडीने, तर सिंकिंग फंडही एफबारमध्ये. गणेश मंडळाचाही.

पीपीएफचे व्याज करमुक्त असते. भारतात.

म्युच्युअल फंडात एसआयपी तर कराच, सही है. अमेरिकेच्या लेखी भारतातला म्युच्युअल फंड म्हणजे 'पीएफआयसी', पॅसिव्ह फॉरिन इन्व्हेस्टमेंट कंपनी. १९८६ मध्ये परदेशी फंडांत पैसे मुरवणाऱ्या धनिकांसाठी केलेली ही तरतूद तुमच्या महिना पाच हजारांना लागू होते. प्रत्येक योजनेसाठी वेगळा फॉर्म ८६२१. विकलेत की नफा ठेवलेल्या दिवसांवर सारखा वाटायचा. मागच्या वर्षांच्या वाट्याला त्या-त्या वर्षीचा सर्वांत वरचा दर, २०१८ पासून ३७ टक्के, वर त्यावर व्याज. तुमचा स्वतःचा स्लॅब काय, हे कोणी विचारत नाही. आणि पाच वर्षांची एसआयपी म्हणजे साठ हप्ते, साठ वेगवेगळ्या खरेदी-तारखा, साठ हिशेब. सुटायचा एक मार्ग आहे, पण त्यासाठी फंडाने दरवर्षी अमेरिकी पद्धतीचे विवरण द्यावे लागते. इथल्या फंड हाऊसला ते मागून बघा.

पगाराची चिंता नको. २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंतची कमाई फॉर्म २५५५ भरून अमेरिकी करातून वगळता येते. घरभाडे आणि व्याज 'कमाई'त येत नाही. व्याजाचा दाखला इथे एप्रिल ते मार्च, तिकडे जानेवारी ते डिसेंबर. तेव्हा दोन वर्षांचे दाखले घेऊन कात्री चालवायला बसा. उलट, नोकरी करून परतलेल्यांना तिकडचा ४०१-के, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेले खाते, इथल्या रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावा लागतो, आणि अख्ख्या रिटर्नमध्ये तेवढा एकच तक्ता कॅलेंडर वर्षाचा. चुकलात तर काळ्या पैशाचा कायदा, १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

वैतागून नागरिकत्व सोडायचा विचार असेल तर आधी भारताचे मिळवा. ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', हे नागरिकत्व नव्हे, नावात 'सिटिझन' असला तरी.

बास झाली थट्टा. फाटका २०१० चा. स्विस बँकांत कोट्यवधी दडवणाऱ्यांना धरायला आणला आणि २०१५ मध्ये भारताने करार केल्यावर आपल्या कोपऱ्यावरच्या शाखेत येऊन बसला. दडवणाऱ्यांकडे वकील आहेत. तुमच्याकडे खिडकीवरचा मुलगा आहे, ज्याला टीआयएन म्हणजे करदात्याचा क्रमांक हेही माहीत नाही आणि जो म्हणतो, "काका, 'अमेरिकेचे आहात का'समोर 'नो'वर टिक करा, काही होत नाही."

आणि तुम्ही करता! हाच मूर्खपणा आहे. कायदा गाढव आहे म्हणून आपणही व्हायचे? राहून गेलेले भरायला 'स्ट्रीमलाइन्ड' योजना आहे: तीन वर्षांची रिटर्न, सहा वर्षांचे एफबार आणि फॉर्म १४६५३ वर 'मुद्दाम केले नाही' असे सकारण लिहून सही. मागच्या तीनपैकी एका वर्षी ३३० दिवस अमेरिकेबाहेर होतात आणि तिकडे घर नव्हते, तर दंड माफ. पण बँकेच्या कागदावर तुमच्याच सहीने 'नो' असेल, तर 'मुद्दाम केले नाही' हे कोणत्या तोंडाने लिहिणार? आणि मुद्दाम ठरले तर दंड लाखाच्या वर, किंवा शिलकीच्या निम्मा, जो जास्त तो. डॉलरमध्ये. शिवाय कर खात्याने चौकशी सुरू केली की ही योजना बंद.

तेव्हा आधी आईची पासबुके भरून आणा, सहा वर्षांची. मशीन बंद असेल. खिडकीवर जा.